वाचकांचे प्रश्न : नारळ संस्थेला तेलाचा उद्योग झेपेल का?

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या दोन गावांतील 62 बागायतदारांनी मिळून सहकारी संस्था नोंदवली आहे. सभासदांचे मिळून सुमारे 2,100 फळते माड आहेत. ताशी 50 किलो खोबरे गाळणारा एक्सपेलर (तेल काढण्याचे यंत्र) बसवण्याचा प्रस्ताव यंत्रविक्रेत्याने दिला असून बँकही कर्ज देण्यास तयार आहे. भागभांडवल मात्र बेताचेच आहे. हा उद्योग आमच्या संस्थेला झेपेल का, याचा अंदाज कसा बांधावा?
– संस्थेचे सचिव, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्या पत्रात माडांची संख्या आहे, यंत्राची क्षमता आहे आणि कर्जाची तयारीही आहे, परंतु वर्षभरात किती नारळ प्रत्यक्ष संस्थेच्या गोदामात येतील, हा आकडा नाही, आणि सारे त्यावरच अवलंबून आहे.

साधारण निगा असलेल्या बाणवली (कोकणातील उंच जातीच्या) माडापासून वर्षाला 60 नारळ धरले, तर आपल्या सभासदांचे उत्पादन 1,26,000 होते. त्यातून घरखर्च, देवकार्य, फळगळ आणि माकडांची नासधूस (ही आता किरकोळ बाब राहिलेली नाही) वजा करावी लागेल आणि काही माल जुन्या व्यापाऱ्याकडे जाईल, हेही गृहीत धरावे लागेल. निम्मे नारळ, म्हणजे सुमारे 63,000, संस्थेकडे आले तरी ते चांगलेच म्हणावे. एका नारळाचे सुके खोबरे सरासरी 150 ग्रॅम धरल्यास हे 9,450 किलो होते. आपला एक्सपेलर ते 189 तासांत, म्हणजे आठ तासांच्या पाळीने 24 दिवसांत, गाळून मोकळा होईल. कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने भरावे लागतील. त्यामुळे आज हे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तपासणी भावाची आहे. नारळ 20 रुपयांना घेतला तर एक किलो खोबऱ्यामागे कच्च्या मालाचाच खर्च सुमारे 133 रुपये होतो, आणि 60 टक्के तेल निघते असे धरले तर एक किलो तेलामागे तो 222 रुपयांवर जातो. मजुरी, वीज, बाटली आणि वाहतूक त्यानंतरची. 2025 साली केंद्र सरकारने गिरणीच्या, म्हणजे तेल गाळण्याच्या, खोबऱ्याला क्विंटलमागे 11,582 रुपये, म्हणजे किलोला सुमारे 116 रुपये, आधारभूत किंमत जाहीर केली होती. त्या वर्षी बाजार याच्या कितीतरी वर होता, म्हणून अनेकांचे प्रकल्प अहवाल कागदावर फार देखणे झाले. आपण मात्र खोबरे आधारभूत किमतीपर्यंत उतरले तर काय होईल, हे मांडून पाहावे. शिवाय तामिळनाडूतील कांगेयमसारख्या ठिकाणच्या मोठ्या गिरण्यांशी ठोक तेलाच्या भावात स्पर्धा करणे आपल्याला शक्य नाही. आपले तेल स्थानिक ओळखीवर, किरकोळीनेच विकावे लागेल, आणि विक्री हे वेगळेच काम आहे.

मग संस्थेने काय करावे? प्रथम व्यापारी काय करतो, ते पाहावे. तो स्वतःचे पाडणारे घेऊन बागेत येतो, जागेवर मोजणी करून रोख देतो, अडीनडीला उचलही देतो. संस्था जर ‘नारळ गोदामात आणून टाका, पैसे महिन्याने मिळतील’ असे सांगणार असेल, तर सभासद ठरावाला हात वर करतील आणि माल व्यापाऱ्याला देतील. त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून नारळ पाडण्याची सोय हाच आपल्या संस्थेचा पहिला व्यवसाय असावा. यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण नारळ विकास मंडळ देत आले आहे. गावातील चार-पाच तरुणांचे पथक तयार करून साधारण दीड महिन्याने एक फेरी ठरवता येईल. अशा आठ फेऱ्या धरल्या तर एका फेरीच्या खरेदीला सुमारे 1 लाख 60 हजार रुपये हाताशी लागतात.

पावसाळ्यात ओल्या माडावर सहसा कोणी चढत नाही, आणि नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत मागणी मात्र वाढत जाते. उन्हाळ्याच्या अखेरच्या दोन फेऱ्यांचा पक्व नारळ सोडणासह (बाहेरच्या तंतुमय सालीसह), सावलीच्या व हवेशीर जागी साठवून सणासुदीला प्रतवारी करून विकणे, यात लहान संस्थेला तेलापेक्षा अधिक खात्रीचा नफा आहे. मात्र त्यासाठी सुमारे सव्वातीन लाख रुपये दोन-तीन महिने अडकून राहतील. बँकेकडे यंत्रासाठी मुदत कर्ज मागण्याऐवजी याच कामासाठी कॅश क्रेडिट (गरजेप्रमाणे उचलून परत भरता येणारे खेळते कर्ज) मागावे. लहान व फुटका नारळ वाया जाऊ नये म्हणून करवंटीच्या जळणावर चालणारा, खोबरे वाळवण्याचा छोटा ड्रायर घेण्यास हरकत नाही. त्याबाबत रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात विचारणा करावी. सोडणे मात्र चालू काथ्या कारखान्याला विकावीत, तो उद्योग स्वतः काढण्याइतकी ती आपल्याकडे होणार नाहीत.

प्रत्येक सभासदाकडून किती माडांचा नारळ संस्थेला देणार, हे लेखी घ्यावे व तशी तरतूद पोटनियमांत करून घ्यावी. संचालकांपैकी कोणी स्वतः नारळाचा व्यापार करत असल्यास तो प्रश्न आधीच मिटवावा. त्यानंतर एक पूर्ण वर्ष प्रत्येक फेरीला आलेले नारळ, त्यांचे वजन, दिलेला भाव आणि मिळालेला भाव यांची नोंद ठेवावी.

हा एक्सपेलर वर्षातून निदान 120 दिवस चालावयाचा तर सुमारे 3,20,000 नारळ लागतात. आपल्या आजच्या अंदाजाच्या हे पाचपट असल्याने शेजारच्या तीन-चार गावांच्या संस्था किंवा गट एकत्र आल्याशिवाय ते जमणार नाही. तोपर्यंत तेल विकायचेच असेल तर खोबरे 6 टक्के ओलाव्यापर्यंत नीट वाळवून परिसरातील चालू घाण्यावर मजुरी देऊन गाळून घ्यावे, आणि दोन हंगामांत किती बाटल्या खपतात, ते पाहावे.