घरगुती कामांसाठी दहा हजारांच्या आतला एअर कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

आपण विचारले आहे की जुन्या लाकडी कपाटाला स्प्रेने रंग मारायचा आहे, फर्निचरला बारीक खिळे ठोकायचे आहेत आणि गाडीच्या चाकांत हवाही भरायची आहे, तर दहा हजार रुपयांच्या आत एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर घ्यावा की दोनचा. माझ्या मते हॉर्सपॉवरचा आकडा बाजूला ठेवून, आपले हत्यार मिनिटाला किती हवा खाते आणि यंत्र तेवढी हवा देऊ शकते का, एवढे आधी पाहावे.

तिन्ही कामांची भूक अगदी वेगवेगळी आहे. चाकात ३० ते ३५ पीएसआय दाब लागतो आणि तेवढ्यासाठी गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप पुरेसा आहे. खिळ्यांच्या गनला ५ ते ७ बार (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) दाब लागला, तरी एका खिळ्यामागे हवा लिटरभराच्या आसपासच जाते, त्यामुळे २४ लिटरची टाकी हे काम सहज सांभाळते. खरी अडचण रंगाची आहे. मोठ्या नोझलची स्प्रे गन मिनिटाला २०० लिटर किंवा त्याहूनही जास्त हवा मागते. समजा, यंत्र प्रत्यक्षात १०० लिटर देते, टाकी २४ लिटरची आहे, दाब ८ बारवर गेला की मोटर बंद होते आणि ६ बारवर उतरला की पुन्हा सुरू होते. दर एका बारमागे टाकीत तिच्या मापाएवढी बाहेरची हवा मावते, म्हणून ८ वरून ६ बारवर येईपर्यंत वापरायला मिळतात २४ गुणिले २, म्हणजे ४८ लिटर, आणि गन ते १४-१५ सेकंदांत संपवते. त्यानंतर मोटर चालू असूनही मिनिटाला १०० लिटरची तूट पडत राहते आणि मिनिटभरात दाब ३ बारच्या खाली येतो. तेव्हा कपाटाचे एक दारही पूर्ण झालेले नसते, आणि अर्ध्यावर थांबलेल्या रंगाची कडा वाळल्यावर स्पष्ट दिसते. टाकी ५० लिटरची घेतली तर थांबण्याची वेळ थोडी पुढे जाते इतकेच. पंप तोच असेल तर हवा वाढत नाही.

म्हणून या बजेटमध्ये मी २४-२५ लिटरचा, तांब्याच्या वाइंडिंगचा ऑइल-फ्री, म्हणजे पंपात तेल न लागणारा कॉम्प्रेसर घेईन आणि त्याला ०.८ ते १ मिलिमीटर नोझलची छोटी गन लावेन. तिने काम सावकाश होते, पण हवा पुरते. तेलाचा पंप जास्त टिकतो हे खरे असले, तरी त्याची तेलाची वाफ हवेत उतरली की ओल्या रंगावर वाटोळे खड्डे पडतात. शिवाय मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या त्या यंत्राचा आवाज फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना दुपारभर सहन करायला लावणे योग्य नाही. पुढे संपूर्ण घराचे फर्निचर रंगवण्याचा विचार असेल, तर कॉम्प्रेसर न लागणारी, स्वतःचा ब्लोअर असलेली विजेवरची स्प्रे गन वेगळी घ्यावी.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार विक्रेते क्वचितच बोलून दाखवतात, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. एका जुलैत मी सागवानी दाराला मेलामाइन (लाकडाचे पॉलिश) मारत होतो. तिसऱ्या हाताला गनमधून पाण्याचे थेंब फुटले आणि तेवढा भाग दुधासारखा पांढरा पडला. टाकीखालचा, पाणी काढायचा ड्रेन कॉक उघडला तेव्हा गंजाचे तांबूस पाणी बराच वेळ गळत राहिले. ३० अंश तापमानाच्या दमट हवेत हजार लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम बाष्प असते आणि दाबाखाली त्यातले बहुतेक टाकीत पाणी होऊन बसते, म्हणजे दहा मिनिटांच्या कामात चार-पाच चमचे. तेव्हा गनच्या आधी हवेतले पाणी वेगळे करणारा वॉटर सेपरेटर बसवावा, आणि काम संपले की दर वेळी कॉक उघडून टाकी रिकामी करावी. पत्रा आतून गंजत गेला तर बाहेरून काहीच कळत नाही, आणि दाबाखालची टाकी फुटणे जीवघेणे असते. याच कारणाने जुना, वापरलेला कॉम्प्रेसर स्वस्तात मिळाला तरी मी सुचवणार नाही.

विजेची जोडणी १६ अँपिअरच्या प्लगवरच करावी. बारीक तारेच्या एक्स्टेंशन बोर्डवर सुरू होताना मोटरला पुरते व्होल्टेज मिळत नाही आणि ती गुरगुरून तापते. लांब जायचे असेल तर वायर न वाढवता हवेचा पाइप लांब घ्यावा.

खोक्यावर लिहिलेला लिटरचा आकडा बहुधा पंपाच्या मापावरून काढलेला असतो आणि प्रत्यक्ष हवा त्यापेक्षा बरीच कमी मिळते. त्यामुळे मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात, पैसे देण्यापूर्वी यंत्र लावून दाखवायला सांगावे. टाकी पूर्ण रिकामी करून, कॉक बंद करून मोटर सुरू करावी आणि काटा शून्यापासून ८ बारवर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजावे. २४ लिटरच्या टाकीत तेव्हा सुमारे १९२ लिटर हवा भरलेली असते. दोन मिनिटे लागली तर यंत्र मिनिटाला सरासरी ९६ लिटर देते, आणि तीन मिनिटांहून जास्त लागली तर ते रंगकामासाठी घेऊ नये.