घरात बारा बोअर आहे, काडतूस कुठलं ठेवू? वाचकांचे प्रश्न

लायसनची बंदूक घरात असणाऱ्यांचे बरेच प्रश्न साठलेत, त्यातले पाच घेतोय. बाकीच्यांनी नाराज होऊ नका, तोच तोच प्रश्न बऱ्याच जणांचा आहे.

मुलुंडला १४व्या मजल्यावर राहतो. माझ्या नावावर १२ बोअर दुनळी आहे. दुकानदार म्हणतो एलजी घ्या, मित्र म्हणतो आठ नंबर पुरे, शेजाऱ्यांना पण धोका नाही. काय घेऊ?

आधी ही नावं समजून घ्या. एलजी म्हणजे एका काडतुसात सहा मोठे छर्रे, एकेक साधारण ९ मिमीचा. एसजी त्याहून थोडा बारीक, ८.४ मिमी, काडतुसात आठ-नऊ. मग बीबी, मग १, ४, ६, ८ असे नंबर, आणि नंबर वाढला की छर्रा बारीक होतो, नवीन माणूस इथेच गोंधळतो. आठ नंबरचा छर्रा मोहरीएवढा. ही सगळी नावं शिकारीच्या काळातली, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली पण नावं तशीच राहिली.

आता मित्राचं म्हणणं. आठ नंबर फक्त घाबरवायला असतो हा समज फार धोकादायक आहे. मी शिकायला येणाऱ्यांना रेंजवर एक गोष्ट करून दाखवतो, चार मीटरवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान टांगतो आणि त्यावर सहा नंबरचा एक बार टाकतो. सगळ्यांना वाटतं पानाची चाळणी होईल. पानाच्या मधोमध एकच भोक पडतं, तळहाताएवढं, कडा फाटलेल्या आणि आजूबाजूला चार-पाच टिपके, बस. साध्या नळीतून छर्रे मीटरमागे जेमतेम अडीच सेंटीमीटर पसरतात आणि तुमचा हॉल असून असून किती लांब, चार-पाच मीटर. म्हणजे एवढ्या जवळून बारीक छर्रा पण गठ्ठ्यानेच लागतो, त्याने माणूस मरू शकतो, पण अंगावर चालून येणारा माणूस त्याने हमखास थांबेल असं नाही कारण एकेक छर्रा आत खोल जात नाही. दोन्हीकडून वाईट. आणि छर्रे पसरतात म्हणून नेम धरायला नको, हे पण त्याच कागदावर खोटं ठरतं.

थांबवायचं काम एसजी करतो, एलजीची फ्लॅटमध्ये गरज नाही. पण एसजी घ्यायच्या आधी एक काम करा, दिवसाउजेडी रिकाम्या हाताने घरात जिथे उभे राहाल तिथे उभे राहा आणि समोर बघा, त्या रेषेत मागे काय आहे? फ्लश डोअर, प्लायचं पार्टिशन, जिप्सम बोर्ड, खिडकीची काच, यातलं काहीही एसजीला अडवत नाही. मुलांच्या खोलीचं दार त्या रेषेत असेल, किंवा मेन डोअर आणि त्याच्यापलीकडे समोरच्यांचं दार असेल तर त्या दिशेला बार टाकायचा नाही, विषय संपला. आरसीसीचा कॉलम किंवा प्लास्टर केलेली विटेची जाड भिंत मागे असेल अशी एखादी दिशा बहुतेक घरांत सापडते, तुमची जागा तिथून ठरवा. मधल्या भिंती सगळ्या हलक्या असतील तर मी बीबी ठेवा म्हणेन, थांबवायची ताकद कमी पडते पण शेजारच्या खोलीतल्या माणसाचा धोका पण कमी होतो. कमी होतो, जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि एकच मोठी गोळी असते ती, स्लग, तिचा विचार मुंबईतल्या बिल्डिंगमध्ये करूच नका.

आजोबांची विलायती दुनळी रीतसर माझ्या लायसनवर आली. नळीखाली २½ असं कोरलंय. ७० मिमीचं काडतूस आरामात बसतं, मग वापरायला हरकत काय?

हरकत आहे, आणि मोठी आहे. बरं झालं विचारलंत.

काडतुसावर जी लांबी लिहितात ती बार उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडल्यावरची. भरलेल्या ७० मिमी काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, फूटपट्टी लावलीत तर साठच्या आतच भरेल, म्हणून ते ६५ मिमीच्या घरात (नळीत काडतूस बसतं ती जागा), म्हणजे तुमच्या २½ इंचात, सहज जातं. पण बार उडाला की ती दुमड उलगडते आणि तिला जागाच नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट अडते आणि प्रेशर वाढतं. जुनी नळी ते कितीदा सहन करेल सांगता येत नाही. ६५ चंच घ्या.

दुसरं, नळीवर बोटं फिरवा आणि उजेडात धरून बघा. पाण्यावर तरंग उठावेत तशी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, जुन्या काळच्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठी घडवलेली, त्यात आजचं काडतूस घालायचं नाही. भिंतीवर शोभेल, पण ती पण लायसनवरच!

घरात २० बोअर पण असेल तर दोन्हीची काडतुसं एका खिशात कधीच नको. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, वरून बघितलं तर नळीतलं घर रिकामं दिसतं, माणूस बाराचं घालतो आणि नळी हातात फुटते.

मढला आमचं जुनं घर आहे. कपाटात खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांचा डबा सापडला, पितळ हिरवं पडलंय. पुसून वापरू का?

नको. मी असंच एक हातात घेतलं होतं, बुडाला हिरवी कड, बोटाला खवला लागला, आणि वरची कागदी नळी दमट बिस्किटासारखी मऊ. समुद्राच्या हवेत चार पावसाळे काढले की असं होतं. बार उडणारच नाही किंवा अर्धवट उडेल, आणि अर्धवट उडाला की आतला बूच (दारू आणि छर्रे यांच्यामधला) नळीत अडकतो, त्याच्यामागून दुसरा बार टाकलात की नळी गेली. तेल लावून पुसायचं तर अजिबातच नको, तेल टोपीत, म्हणजे बुडाच्या मधल्या ठिणगी देणाऱ्या भागात, झिरपतं आणि टोपी मरते.

कचऱ्यात, खाडीत, होळीत टाकू नका. लायसन घेऊन पोलीस स्टेशनला नाहीतर लायसनवाल्या डीलरकडे द्या. नवीन घ्याल ते प्लास्टिकचं, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात, आणि दर पावसाळ्यानंतर एकेक काढून बघा.

बाबा गेले, त्यांची बंदूक घरातच आहे. आत्तापुरतं काडतूस भरून ठेवलं तर चालेल?

नाही. लायसन बाबांच्या नावावर होतं, ते गेल्यावर ती बंदूक तुमच्या हातात बेकायदा आहे, भरलेली असो वा रिकामी. आजच पोलीस स्टेशनला फोन करून कशी आणायची ते विचारा आणि तिथे नाहीतर लायसनवाल्या डीलरकडे जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून क्रॉफर्ड मार्केटला कमिशनर ऑफिसच्या लायसन विभागात अर्ज करा. पावती जपून ठेवा, पुढे तीच लागते.

रात्री चोर घरात घुसला तर गोळी घालायचा कायदेशीर हक्क आहे ना? आणि पळत असेल तर?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, स्वसंरक्षण कलम ३४ ते ४४ मध्ये. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडी झाली तर कलम ४१ प्रमाणे हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, हे बरोबर. पण लोक कलम ३७ वाचतच नाहीत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा केली का, या दोन्ही गोष्टी कोर्ट बघणार. जिन्यावरून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला बार बचावाचा होता हे तुम्ही कसं सांगणार?

म्हणून माझा क्रम असा. सेफ्टी डोअर चांगलं बसवा, वरची खालची कडी रोज लावा. आवाज आला तर घरातल्या सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार आतून लावा, ११२ ला फोन करा आणि फोन चालू ठेवून मोठ्याने ओरडा की पोलीस येतायत, तुमचं ओरडणं आख्ख्या विंगला ऐकू जातं. बंदूक घेऊन घरभर शोधत फिरू नका, अंधारात पाणी प्यायला उठलेला तुमचाच मुलगा समोर येईल. दार फोडून कोणी त्या खोलीत आलाच तर तेव्हा काय ते, आणि त्या दाराच्या मागे कोणती भिंत आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत पाहिजे.

बंद खोलीत १२ बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, एका बारात कान कायमचा जाऊ शकतो. खोलीत इअरमफचे जोड ठेवा, मुलांच्या मापाचे पण.