मुरूड ते गणपतीपुळे: मुलंबाळं घेऊन पहिल्यांदा निघताय?

महामार्ग सोडून किनाऱ्यानेच जा, पण घाई नको. वळणांच्या रस्त्यावर ताशी २५-३० किमीच धरा. नकाशातल्या वेळेवर विसंबू नका.

वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. शेवटची फेरी चुकली तर लांबचा वळसा पडतो, म्हणून वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. चढताना पहिला गिअर, बोटीवर हँडब्रेक.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुळणीवर गाडी घालणं. वरची सुकी वाळू चाकं गिळते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. भरतीची वेळ कोळ्यांच्या हिशेबाने काढा: तिथीचा आकडा गुणिले पाऊण. अष्टमीला साधारण सहा वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजा. पोरांना पाण्यात नेण्याआधी हा हिशेब कराच, आणि ओहोटी लागल्यावर खोल जाऊ देऊ नका.

गाडी रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. चाकांपुढची वाळू उपसा, हवा थोडी कमी करा, झावळ्या घाला. डांबरावर आल्यावर हवा लगेच भरा.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागरला भरून घ्या.