वाडीतल्या संस्थेचा इतिहास: नावाने नव्हे, नंबराने शोधा

गिरगावातल्या वाचनालयाची स्मरणिका काढायची आहे, स्थापनेची दोन वेगळी वर्षं सापडली आहेत आणि अर्जावर 'अभिलेख आढळून येत नाही' असा शेरा आला आहे, हे तुमचं म्हणणं वाचलं. आमच्या वाडीचं काम याच शेऱ्यापायी सगळ्यात जास्त रखडलं. नोंद बहुतेक वेळा असते, पण आजच्या पत्त्यावर ती सापडत नाही.

जुने कागद जुन्या रस्त्यांच्या नावांवर लावलेले आहेत. जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणजे गिरगाव रोड, विठ्ठलभाई पटेल मार्ग म्हणजे गिरगाव बॅक रोड, महर्षी कर्वे मार्ग म्हणजे क्वीन्स रोड. वाडीच्या नावावरही विसंबू नका. मालक बदलला की चाळीचं नाव बदलतं. बदलत नाही तो कॅडस्ट्रल सर्व्हे (सी. एस.) नंबर, म्हणजे सरकारी मोजणीत जमिनीच्या तुकड्याला मिळालेला क्रमांक. आधी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकतीचा सरकारी उतारा, काढा. त्यावर सी. एस. नंबरच्या जोडीला लॉटन सर्व्हेचा नंबरही असतो. ती मोजणी 1865 ते 1872 ची, त्यामुळे त्याआधारे थेट तेव्हाच्या नकाशापर्यंत जाता येतं. अर्जात विभाग लिहायला विसरू नका: तोच सी. एस. नंबर दुसऱ्या विभागातही असू शकतो, आणि गिरगावकर म्हणवणाऱ्यांच्या काही मिळकती भुलेश्वर विभागात निघतात.

हे कार्यालयाने सांगायला हवं, पण सांगत नाहीत. आम्ही ज्या कार्यालयात गेलो (नाव घेत नाही), तिथे जुन्या-नव्या नावांचं रजिस्टर खिडकीपलीकडे टेबलावर होतं. तरीही अर्ज शेरा मारून परत आला. कोणता तपशील कमी आहे, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर पुरलं असतं. नागरिकाला नंबर माहीत नसतो म्हणूनच तो तिथे येतो ना? म्हणून अर्जात जुना पत्ता, नवा पत्ता, सी. एस. नंबर आणि विभाग हे चारही लिहा आणि पोचेवर शिक्का घ्या.

आता दोन वर्षांचं. त्यातलं एक 1950 नंतरचं असेल तर ते बहुधा धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं आहे, स्थापनेचं नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाच 1950 चा. मुंबई मराठी साहित्य संघ 1935 चा आणि प्रार्थना समाज 1867 चा. अशा संस्थांची त्या कायद्याखालची नोंद स्थापनेच्या वर्षाची असूच शकत नाही. नुसतं प्रमाणपत्र घेऊ नका. नोंदणीच्या मूळ अर्जाची, त्याला जोडलेल्या संस्थेच्या घटनेसकट (नियमावलीसकट), प्रमाणित नक्कल मागा.

फरक एकाच वर्षाचा असेल तर हिशेब तपासा. केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव 1893 चा, म्हणजे शंभरावा उत्सव 1992 मध्ये येतो, 1993 मध्ये नाही. संगमरवरी पाटीवर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, पण जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथीला 79. गुजराती मालकाने विक्रम संवत कोरला असेल तर कार्तिकापासून डिसेंबरअखेर 57 वजा करा, पुढे आश्विनापर्यंत 56.

जुन्या स्मरणिका पुरावा म्हणून वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एकीतली चूक दुसरीत जशीच्या तशी उतरते. एक सोपी कसोटी: एकोणिसाव्या शतकातली सभा 'सँडहर्स्ट रोडवर' भरल्याचं लिहिलं असेल तर संशय घ्या. तो रस्ता प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काढला. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांवरचे शिक्के आणि दाखल नोंदवही त्याहून कितीतरी भरवशाची.

इमारतीचं वय म्हाडाच्या उपकर (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर) वर्गावरून ठरवू नका. 'अ' वर्गाचा अर्थ एवढाच की इमारत 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची आहे. ती 1880 चीही असू शकते.

हे सगळं मुंबई शहरापुरतं. उपनगरात सर्व्हेची पद्धत वेगळी आहे. मी वकील नाही. जागेचा किंवा पुनर्विकासाचा वाद चालू असेल तर मिळालेल्या नकला छापण्याआधी वकिलाला दाखवा.