फ्लॅट दादूच्या नावावर करावा का?

कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ५६, निवृत्तीला दोन वर्षं. पत्नी ५१ वर्षांच्या, घर सांभाळतात. मुलगी २५ वर्षांची, पुण्यात नोकरीला. मुलगा १९ वर्षांचा, स्वमग्न, प्रमाणपत्रावर ७० टक्के अपंगत्व. राहतं घर स्वतःचं आहे, शिवाय पुण्याजवळ एक वन बीएचके आहे. त्याची किंमत अंदाजे ३८ लाख, भाडं ११ हजार. ते लिहितात, 'मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायला २०० रुपयांचाच स्टॅम्प लागतो असं कळलं. फ्लॅट दादूच्या नावावर केला तर त्याला जन्मभर भाडं मिळेल. बाकी बघायला ताई आहेच. करू का?'

नमस्कार सर,

नका करू. स्टॅम्पचं तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे, निवासी मिळकतीसाठी मुलाला तशी सवलत आहे. पण अडचण स्टॅम्पपाशी नाही, सहीपाशी आहे. उद्या तो फ्लॅट विकायचा झाला तर सही दादूची लागेल, आणि व्यवहार समजत नाही अशा माणसाची सही कायद्याने धरत नाहीत. तुम्ही वडील म्हणून सही करायला गेलात तर तीही चालणार नाही, कारण तो अठरा पूर्ण झाला त्या दिवशी तुमचं पालकत्व कायद्यापुरतं संपलं. बहुतेक आईवडिलांना हे बँकेच्या काउंटरवर कळतं.

म्हणून पहिलं काम पालकत्वाचं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे दादूच्या नावावर जितकी मालमत्ता चढवाल, तितकं हे ओझं तुमच्यामागे ताईच्या डोक्यावर येईल.

आता भाड्याचं बघू. वर्षाचे १ लाख ३२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी आणि अधूनमधून रिकामा जाणारा महिना धरला तर हातात लाखभर उरतात. ३८ लाखांवर पावणेतीन टक्केही पडत नाहीत. शिवाय भाडेकरू बदलणं, नळ गळणं, पोलिसांकडे नोंद करणं हे सगळं कुणीतरी करायला हवं. तुम्ही हिंडते-फिरते आहात तोवर ठीक.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि दादूसाठी तुमच्याकडे सगळ्यात मोलाचं तेच आहे. तुम्ही नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत लागलात, म्हणजे जुनी पेन्शन. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम ११६ प्रमाणे जे मूल अपंगत्वामुळे कमावू शकत नाही, त्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळतं. तुमच्यानंतर आधी वहिनींना, मग दादूला. समजा शेवटचं मूळ वेतन ७० हजार असलं, तर ३० टक्क्यांनी २१ हजार, वर महागाई भत्ता. बँकेत ७ टक्क्यांनी पैसे ठेवून महिन्याला २१ हजार काढायचे तर ३६ लाख लागतील, म्हणजे जवळजवळ तुमचा फ्लॅटच. आणि मुदत ठेवीचं व्याज महागाईबरोबर वाढत नाही, पेन्शनवरचा भत्ता वाढतो.

त्यासाठी निवृत्तीच्या कागदांत कुटुंबाच्या तपशिलात दादूचं नाव आणि अपंगत्व दोन्ही नोंदवून घ्या. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं 'कमावण्यास असमर्थ' असं प्रमाणपत्र जोडा. नुसता ७० टक्क्यांचा दाखला पुरेल असं धरून चालू नका. तुम्ही असताना हे काम चार हेलपाट्यांत होईल. तुमच्या माघारी वहिनींना त्यासाठी किती फिरावं लागेल, तेवढा विचार करा आणि या दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात करा.

फ्लॅट सध्या तुमच्याच नावावर राहू दे. मृत्युपत्र करा, आणि त्यातूनच दादूसाठी खाजगी ट्रस्ट, म्हणजे तुम्ही नेमलेल्या माणसांनी (ट्रस्टींनी) त्याच्यासाठी मालमत्ता सांभाळायची कायदेशीर व्यवस्था, स्थापन होईल अशी तरतूद ठेवा. फ्लॅट आणि निवृत्तीच्या पैशातला एक वाटा त्या ट्रस्टला जावा. ट्रस्टींना फ्लॅट विकायचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून द्या. मृत्युपत्राने केलेला एकच ट्रस्ट असेल तर त्याच्या उत्पन्नावर सरसकट सर्वोच्च दराने कर लागत नाही, नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे लागतो. मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्या. ठेवींना दादूला नॉमिनी करू नका. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात हेच सांगितलं.

'ताई आहेच' या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. तिला विचारलंत का? माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात वडिलांनी सगळं मुलीला तोंडी विश्वासावर दिलं होतं. लबाडी कुणाचीच नव्हती, पण सात-आठ वर्षांत भावाचे पैसे तिच्या गृहकर्जात असे मिसळले की तिचे किती नि त्याचे किती हे तिलाही सांगता येईना. रात्ररात्र झोप नव्हती तिला. म्हणून ताई दादूची पालक असू दे, पण पैसे सांभाळायला ट्रस्टमध्ये तिच्याबरोबर आणखी एक जण हवा, शक्यतो तिच्याहून लहान असलेला मामे-चुलतभाऊ. तिने तिच्या मर्जीने कधी परगावी जायचं ठरवलं, तर दादू कुठे राहील हेही आताच बोला. डोंबिवलीजवळ खोणीला अशा मुलांसाठी पालकांनी मिळून उभारलेलं 'घरकुल' हे निवासगृह आहे, तिघं मिळून एकदा बघून या. ठरवण्यासाठी नव्हे, नुसतं बघायला.

एजंटाने सुचवल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंय, ती वर्षाला दोन लाख हप्त्याची विमा पॉलिसी सोडून द्या. त्याऐवजी 'निरामय' घ्या. राष्ट्रीय न्यासाची ही योजना नाममात्र हप्त्यात वर्षाला लाखापर्यंत आरोग्य खर्च देते, त्यात थेरपीही येते.

तुम्ही लिहिलंय की दादू एकाच स्टीलच्या ताटात जेवतो, वरण वेगळ्या वाटीत लागतं, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कापल्याशिवाय तो अंगात घालत नाही आणि झोपण्याआधी कडी तीनदा तपासतो. अशा बारीकसारीक गोष्टी सगळ्यात जास्त वहिनींनाच माहीत असणार. एक शंभर पानी वही आणा आणि हे सगळं त्यांना लिहायला सांगा: औषधाची वेळ, कुठल्या आवाजाला तो कान झाकतो, बिथरला तर काय करायचं, न्हाव्याकडे कसा न्यायचा. प्रत्येक गोष्टीपुढे महिन्याचा खर्चही लिहा. ट्रस्टींना पुढे याच वहीवरून चालायचं आहे. एका महिन्याची बेरीज झाली की आकडा मला कळवा. फ्लॅटशिवाय ट्रस्टमध्ये किती रक्कम ठेवायची, ते त्यावरून काढू.