लेझरचे दरपत्रक वाचताना

मुरुमांचे व्रण आणि मोठी रंध्रे यांसाठी कार्बन डायऑक्साइड लेझरचे एकच महागडे सत्र घ्यावे, की त्वचेचा वरचा थर शाबूत ठेवणाऱ्या फ्रॅक्शनल लेझरचे पाच सत्रांचे, पैसे आगाऊ भरायचे सवलतीचे पॅकेज घ्यावे, असे आपण विचारले आहे. आपला व्यवसाय स्वतंत्र आहे आणि आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चापुरता आहे, हेही आपण कळवले आहे.

दोन दरपत्रकांची तुलना प्रतिसत्र दराने करू नये. 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचा कार्बन डायऑक्साइड लेझर त्वचेचे सूक्ष्म स्तंभ बाष्परूपाने काढून टाकतो, त्यामुळे एक-दोन सत्रांतही बराच फरक पडू शकतो. मात्र चेहरा सावरायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई हा आपल्या बाबतीत खर्चच आहे. पॅकेजमधल्यासारख्या, 1,550 नॅनोमीटरच्या फ्रॅक्शनल लेझरनंतर बहुधा काही दिवसांतच कामावर परतता येते, पण साधारण महिन्याच्या अंतराने अनेक सत्रे घ्यावी लागतात. त्वचा सावळी असेल तर उपचारानंतर काळे डाग पडण्याची शक्यता वाढते, विशेषतः पहिल्या प्रकारात. त्या डागांच्या उपचाराचा खर्च कोणत्याच दरपत्रकात नसतो.

यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे तो व्रणांचा प्रकार. अरुंद आणि खोल खड्ड्यांवर लेझरचा परिणाम मर्यादित असतो. तेथे आम्लाचा ठिपका देण्याची पद्धत बरेचदा अधिक उपयोगी ठरते, तर लाटांसारख्या व्रणांना त्वचेखालचे तंतू सुईने मोकळे करावे लागतात. रंध्रे तर कायमची बुजतच नाहीत, फार तर बारीक दिसतात. म्हणून पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञाच्या तपासणीचा असावा, आणि ती शक्यतो पॅकेज विकणाऱ्या ठिकाणाबाहेर व्हावी. मुरुम अजून उठत असतील तर आधी ते आटोक्यात आणावेत, नाहीतर नवे व्रण पडत राहतील.

पाच सत्रांचे पैसे आगाऊ भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्वचेला आधार देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची घडण सत्रानंतर काही महिने चालू राहते, त्यामुळे दोन सत्रांनंतर थांबून परिणाम पाहणे शहाणपणाचे ठरते, आणि आगाऊ भरलेली रक्कम नेमकी तीच मोकळीक काढून घेते. सवलत मला तरी त्या मोकळिकीची किंमत वाटते. आरोग्य विमा सौंदर्योपचारांचा खर्च सहसा देत नाही. अनियमित उत्पन्नावर हप्ते नकोत आणि निधीलाही हात लावू नये. दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाकून एका सत्राचे पैसे आणि सुटीच्या दिवसांची कमाई जमली, की पहिली तारीख ठरवावी.