रेटिंग घसरले म्हणून रेडिओ सोडायचा का?

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असून तिला आरजे (रेडिओ जॉकी, म्हणजे एफएमवरील निवेदक) व्हायचे आहे. मुंबईतील तिचे आवडते एफएम केंद्र रेटिंगमध्ये पहिल्यावरून चौथ्यावर घसरल्याचे कळले. हल्ली सगळे मोबाइलवरच गाणी ऐकतात. तिला या क्षेत्रात जाऊ द्यावे का? – एक पालक, सांगली

उत्तर : आपण ज्या क्रमांकाने धास्तावला आहात, तो कसा निघतो हे आधी पाहू. टॅम मीडिया रिसर्चने २००७ साली ‘रॅम’ ही मोजणी सुरू केली, तीत मुंबई, दिल्ली, बेंगळुरू अशा महानगरांतील निवडक श्रोत्यांना रोजनिशी देऊन पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत ऐकलेल्या केंद्रासमोर खूण करायला सांगितले जाई. आता जो दुकानदार दिवसभर रेडिओ लावून ठेवतो आणि रात्री जेवणानंतर आठवून खुणा करतो, त्याची खूण डोक्यात बसलेल्या नावापुढेच पडणार. आरजे दर दोन गाण्यांमागे केंद्राचे नाव का घोकतात, याचे एक कारण या रोजनिशीत आहे. अमेरिकेतील काही मोठ्या शहरांत रोजनिशीऐवजी अंगावर बाळगायचे, आवाज आपोआप टिपणारे यंत्र आले, तेव्हा केंद्रांच्या श्रोत्यांची संख्या वाढलेली दिसली, पण एकेकाचा ऐकण्याचा वेळ कमी भरला. माणसे तीच होती, मोजणी बदलली होती. शिवाय एकाच धर्तीची हिंदी गाणी वाजवणाऱ्या केंद्रांत श्रोत्यांच्या वाट्यातील किरकोळ फरकानेही पहिल्याचा चौथा होतो.

आपली दुसरी शंका मात्र रास्त आहे. पूर्वी इअरफोनची वायर हीच मोबाइलमधील रेडिओची अँटेना असे. वायर गेली, अनेक हँडसेटमधून एफएमही गेले, आणि अखेर २०२३ मध्ये केंद्र सरकारला ही सोय बंद करू नका, असे कंपन्यांना सांगावे लागले. केवळ गाण्यासाठी रेडिओ लावणारा श्रोता ॲपकडे वळला, तो परतेल असे मला वाटत नाही. उरतो तो गाडी चालवणारा, दुकानात, कारखान्यात हात गुंतलेला श्रोता, आणि त्याला दोन गाण्यांमधले बोलणे हवे असते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. पण वाहतूक, हवामान, परीक्षा, प्रवेश या स्थानिक माहितीला मुभा आहे. (करिअर मार्गदर्शनालाही आहे, हे ओघाने सांगितले.)

म्हणून मुलीला जाऊ द्या, पण ‘माझा आवाज गोड आहे’ एवढ्या भांडवलावर नको. तीस सेकंदांत संपणारी लिंक (दोन गाण्यांमधले निवेदन) लिहिणे, जाहिरातीचा स्पॉट लिहिणे, ध्वनिसंपादन आणि पॉडकास्टची निर्मिती ही कामे तिला यायला हवीत, कारण एखादे केंद्र बंद पडले तरी ती दुसरीकडे चालतात. आकाशवाणी सांगलीच्या नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघेल तेव्हा तिने लेखी आणि आवाजाची चाचणी जरूर द्यावी. ड्यूट्या मोजक्याच मिळतात, त्यामुळे ती नोकरी समजू नये. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या सामुदायिक केंद्रावर काही दिवस काम करता आले, तर कार्यक्रमाची कल्पना सुचण्यापासून तो प्रसारित होईपर्यंतचे सगळे काम तिला हाताखालून घालता येईल.

पदवीनंतरच्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी तिला एक आठवडा स्वतःची रोजनिशी करू द्या : घरी, रिक्षात, मेसमध्ये, किराणा दुकानात कोण, कधी, काय ऐकते आणि बोलणे सुरू होताच कोण केंद्र बदलते. त्या नोंदी घेऊन ती भेटायला आली, तर पुढचे आपण तिच्याशीच बोलू.